रिकामा ट्रे

७ एप्रिल, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठा शोध लागण्याआधी माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको. मात्र ही वही कोणाला दाखवायची नाही. बायकोला, रीनाला, तर नाहीच.

परिस्थिती अशी. विद्यापीठाने पीएच.डी.साठी शेवटचं एक्स्टेन्शन दिलं आहे. डिसेंबरअखेर थीसिस गेला तर मी डॉ. रत्नपाल गणवीर. नाही गेला तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि रिटायर होईपर्यंत नुसते गणवीर सर. आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये माझ्या मागून लागलेले दोघं केव्हाच डॉक्टर होऊन बसले. त्यांनी सोपे विषय घेतले.

माझा विषय: सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर. साध्या भाषेत, हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारी पावडर. तिच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, वायू त्यांत जाऊन बसतो. सहा पावडरी फसल्या. सातवी तयार आहे. नाव ठेवलं आरजी-७. आरजी म्हणजे कोण, हे जगाला कळेलच.

पावडर मिथेनॉलमध्ये तीन दिवस धुवावी लागते, भोकांतला गाळ निघावा म्हणून. मी एका दुपारीच उरकली. लाइट गेली होती, आणि पावडर दिसायला स्वच्छच होती.

निश्चय: रोज पाचला उठणे. लॅबमध्ये चहा बंद. कोणावरही चिडायचं नाही.

८ एप्रिल

साडेसातला उठलो. पाचचं उद्यापासून.

९ एप्रिल

लॅबच्या मागच्या खोलीत प्रयोग करायचा ठरवलं. खोली म्हणजे निव्वळ भट्टी. दुपारी हेमराज आला. हेमराज पटले, फिजिक्सचा. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो, आता एका कॉलेजात आहोत. घाम पाहून म्हणाला, अबे, थीसिस होवाच्या आधी तूच वाळून जाशील.

संध्याकाळी पाहतो तर फुलचूरहून स्वतःच्या घरचा कूलर ई-रिक्षात घालून हजर. शिपाई नंदलाल आणि तो, दोघांनी खिडकीची तावदानं काढून तिथे कूलर बसवला. नवीन खस लावून आणली होती. खोलीत पहिल्यांदा माणसासारखं वाटलं.

पण प्रश्न असा की एखादा माणूस घरचा कूलर उचलून देतो तो कशासाठी? थीसिसमध्ये आभाराच्या पानावर नाव यावं म्हणून, दुसरं काय. देऊ एक ओळ.

१४ एप्रिल

जयंती. कुडव्याच्या विहारात वंदना झाली. मग दोन शब्द बोलायला सांगितलं. पॉलिमरवर बोललो. माईकवाल्याने मध्येच माईक बंद केला. लाइट गेली म्हणाला, पण पंखे तर फिरत होते.

१६ एप्रिल. ऐतिहासिक.

पद्धत लिहून ठेवतो. खोली पूर्ण बंद. दार बंद, दुसरी खिडकी बंद. मेणबत्त्या पेटवायच्या. कार्बन डायऑक्साइड वाढतो. मी ऑनलाइन मीटर मागवलं आहे, हवेच्या दहा लाख भागांत तो किती भाग, हा आकडा त्यावर दिसतो. या वेळी कूलर बंद, नाहीतर मेणबत्त्या विझतात. आकडा दोन हजारावर गेला की मेणबत्त्या फुंकायच्या, आरजी-७ ट्रेमध्ये पसरायची, वर मलमल टाकायची आणि कूलर सुरू करायचा, म्हणजे हवा पावडरवरून फिरते.

आकडा पडायला लागला! अठराशे, चौदाशे, नऊशे, सहाशे. चारशे तीसवर जाऊन थांबला. मी नंदलालला मिठी मारली. तो म्हणाला, सर, आता थंड वाटून राहिलं जी.

चारशे तीसवरच का थांबला? मला वाटतं आरजी-७ला अंदाज आहे. माणसांना लागेल तेवढा ठेवते.

१८ एप्रिल

रिझल्ट सांगायला फुलचूरला हेमराजकडे जेवायला गेलो. त्याच्या आईंना, गीताबाईंना, सगळं समजावून सांगितलं. म्हातारी पाटोड्या वाढत होती आणि पदराने वारा घेत होती. सगळं ऐकून म्हणाली, धरून ठेवते त ठीक हाय बाबू, पर मंग सोडते कवा?

हसलो. सामान्य माणसाला विज्ञान समजावणं कठीण. खरं तर प्रश्नात तथ्य आहे. बाकीचे पॉलिमर भरतात, मग त्यांना तापवून वायू सोडायला लावावा लागतो. माझी आरजी-७ आज तिसऱ्यांदा वापरली. न तापवता, तशीच. भरली नाही आणि थकलीही नाही. जगात असं उदाहरण नसावं.

घरी येताना रीना म्हणाली, त्यांच्या घरात केवढं गरम होतं. मी म्हटलं, एप्रिल आहे.

२२ एप्रिल

आज हेमराजचा खरा स्वभाव कळला. प्रयोग पाहिला, मीटर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग मान खाजवत म्हणाला, एक डाव रिकामा ट्रे ठेवून पाह्य न बे. पावडर नको टाकू. बाकी सारं असंच.

म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. इतकी वर्षं एका बाकावर बसलेला माणूस मला ब्लँक करायला सांगतो! ब्लँक, म्हणजे पदार्थ न घालता केलेला कोरा प्रयोग, बी.एस्सी.ची पोरं करतात. मी स्पष्ट सांगितलं की माझ्याकडे रिकाम्या ट्रेसाठी रिकामा वेळ नाही. तो म्हणाला, बरं बावा, तुही मर्जी, आणि कूलरमध्ये पाणी टाकायला बादली घेऊन गेला.

फिजिक्सवाल्यांना केमिस्ट्रीचं यश पाहवत नाही. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

३० एप्रिल

नागपूरहून गाइड मॅडमची मेल. चार प्रश्न. मशीनवर पावडरचं पृष्ठफळ कधी मोजणार? कूलरची हवा ओली असते, ओल आली की अशा पावडरी कार्बन डायऑक्साइड कमी धरतात, त्याचं काय? ट्रेचं वजन केलं का? ब्लँक केला का?

उत्तर पाठवलं. मशीनचं नंतर पाहू, मशीन म्हणजे प्रत्यक्ष जीवन नव्हे. ओलीबद्दल: मॅडम, हाच तर शोध आहे! जगभरातल्या पावडरी ओलीपुढे हात टेकतात, माझी टेकत नाही. वजन केलं, वाढलेलं आहे, म्हणजे वायू आत बसला आहे. चौथ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. हा प्रश्न मॅडमच्या डोक्यात कोणी भरवला असेल ते मला माहीत आहे. ती हेमराजची कल्पना आहे.

रीना म्हणाली, वजन ओलीनं नसन वाढलं? रीना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिला समजून घेतलं.

५ मे

गेटजवळची पाटी करायला दिली होती, ती आली. पितळी. प्रा. डॉ. रत्नपाल गणवीर. ‘डॉ.’वर सध्या काळी चिकटपट्टी लावली. रीना म्हणाली, एवढी घाई काऊन करून राहिले तुम्ही? तिलाही माझ्यावर विश्वास नाही, याची नोंद.

१२ मे. बुद्धपौर्णिमा.

सकाळी विहारात पंचशील घेतलं. खीर वाटली. भंतेजी मैत्रीवर सुंदर बोलले. मनाशी ठरवलं, आजपासून कोणावर राग नाही.

दुपारी लॅबमध्ये गेलो. सुट्टी आहे, पण शोधाला सुट्टी नसते. हेमराज आला होता. चेहरा उतरलेला. म्हणाला, कूलर चार-सहा दिवस घरी नेऊ का? ऊन भलतंच वाढून राहिलं, आईले सहन होऊन नाही राहिलं.

मी थक्क झालो. आकडे ऐन रंगात आलेले. एकाच स्थितीत सलग रिझल्ट हवेत हे फिजिक्सवाल्याला मी सांगायचं? म्हटलं, हेमराज, दिलेली वस्तू अशी मध्येच मागतात का? तुला माझं डॉक्टर होणं नको असेल तर तोंडावर सांग. त्याने बादली उचलली. मग म्हणाला, राहू दे, करतो काईतरी. आणि टाकी भरून गेला.

मी शांत राहिलो. रागावलो असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट मनात बसली: अडचणीच्या वेळी माणूस ओळखू येतो.

१९ मे

ऐन महत्त्वाच्या आठवड्यात हेमराज गायब. फोन केला तर म्हणे आई दवाखान्यात आहे, उन्हाची लू लागली. कूलरमध्ये पाणी टाकायला कोणी नाही. नंदलाल टाकतो, पण अर्धं फरशीवर.

रीना भेटून आली. मला वेळ नव्हता. ती घरी आली, ताट वाढलं आणि आत गेली. आजकाल घरातसुद्धा मला कोणी समजून घेत नाही.

आकडा मात्र आजही चारशे तीस. आरजी-७ एकटीच काय ती इमानदार.

२ जून

वार्ताहर येऊन गेला. इथल्या एका हिंदी पेपरचा. तासभर माहिती दिली. सच्छिद्र म्हणजे काय, सेंद्रिय म्हणजे काय, मी म्हणजे काय. त्याने फोटो काढले. हेमराजही आला होता, आई घरी आली म्हणे. त्याला मी बाजूला उभं राहायला सांगितलं होतं.

३ जून. दगा.

पेपर आला. 

फोटोत मी नाही! फोटोत हेमराज, हातात बादली. खाली छापलंय: गोंदिया के वैज्ञानिक हेमराज पटले, हवा से कार्बन सोखने वाले अपने यंत्र में रसायन डालते हुए. यंत्र म्हणजे कूलर. रसायन म्हणजे नळाचं पाणी. माझं नाव शेवटच्या ओळीत, ‘सहयोगी श्री गणवीर’.

सहयोगी! श्री!

विहारातल्या लोकांनी पेपर पाहिला, सासऱ्यांनी पाहिला. प्राचार्यांनी तर हेमराजलाच अभिनंदनाचा फोन केला.

४ जून

हेमराजला स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारलं. तो आधी हसला. हसला! मग माझा चेहरा पाहून म्हणाला, अबे, त्या पोट्ट्याले पावडर दिसलीच नाही, कूलर मोठा दिसला, त्याले मी का करू? मी सांगितलं, सगळं ठरवून झालंय. आधी मॅडमचे कान भरले, मग ऐन वेळी आईचं निमित्त, आता पेपर.

आईचं निमित्त म्हटल्यावर त्याचं हसणं गेलं.

मी म्हटलं, तुझा कूलर उचल. मला तुझे उपकार नकोत. आज, आत्ताच.

तो उठला. नंदलालला घेऊन कूलर काढला, ई-रिक्षात टाकला, गेला. खिडकीच्या भगदाडाला नंदलालने प्लायवूड ठोकलं, पाऊस येईल म्हणून. घट्ट ठोकलं, फट ठेवली नाही. छान. आता खोलीत आरजी-७, मी आणि सत्य.

११ जुलै

सेशन सुरू झालं, त्यात महिना गेला. आज पुन्हा प्रयोग. मेणबत्त्या, दोन हजार, ट्रे. हवा फिरायला टेबल फॅन लावला.

आकडा दोन हजार. अर्ध्या तासाने दोन हजार. मी श्वास घेतो म्हणून दोन हजार पन्नास.

पावडर दमली असेल. तिला चार दिवस विश्रांती.

१६ जुलै

विश्रांतीनंतर: दोन हजार शंभर.

२१ जुलै

आता कळलं. रात्रभर विचार केला आणि सगळं जुळलं. पावडर बदललेली आहे! कूलर काढायला आला त्या दिवशी हेमराज खोलीत होता. बरणी टेबलावर होती. रंग मला थोडा पिवळट वाटतोच आहे. खरी आरजी-७ फुलचूरला गेली.

नंदलालला विचारलं, त्या दिवशी साहेबांच्या खिशात काही फुगलेलं दिसलं का? तो म्हणाला, पान्हा होता जी.

३ ऑगस्ट

उरलेली पावडर घरी आणून रीनाच्या दागिन्यांच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्या गळ्यात. रीना म्हणाली, हेमराज भाऊजीनं तुमची पावडर नेऊन का तिची कढी करायची हाय? मग म्हणाली, चला, त्याच्या आईले पाहून येऊ, तुम्ही अजून गेलेच नाही. मी म्हटलं, ज्याने माझं आयुष्य चोरलं त्याच्या दारात मी जाणार नाही. ती म्हणाली, पावडरीचं माहीत नाही, पर तुम्ही मात्र सारं धरून ठेवता.

ती पण त्यांच्यातली.

१२ सप्टेंबर

मॅडमनी जवळजवळ हुकूमच केला. मशीनवर टाकायला पावडर नागपूरला पाठवा, आणि थीसिसआधी आम्हाला प्रयोग दाखवा. समिती गोंदियाला येणार. नऊ ऑक्टोबर.

थोडी पावडर पाठवली. प्रयोगाची भीती नाही. आरजी-७ ही मोठ्या प्रसंगाची पावडर आहे. छोट्या प्रसंगी ती मन लावत नसावी.

कॉलेजच्या जिन्यात हेमराज समोर आला. त्याने हात वर केला होता. मी नोटीस बोर्ड वाचला. बोर्डावर काही नव्हतं.

९ ऑक्टोबर. सकाळ.

पाचला उठलो. (रोजनिशीतला पहिला निश्चय पूर्ण.) शर्ट इस्त्री. पाटीवरची चिकटपट्टी अर्धी सोडवून ठेवली, संध्याकाळी ओढायची.

तोच दिवस. संध्याकाळ. सगळं लिहितो.

मॅडम आणि दोन सर. प्राचार्य. मी, नंदलाल. एवढ्याशा खोलीत ही सगळी माणसं आणि जळत्या मेणबत्त्या. ऑक्टोबरचा उकाडा. आकडा तेवीसशे. मेणबत्त्या फुंकल्या, ट्रे मांडला, मलमल टाकली.

तेवीसशे पन्नास. चोवीसशे. मी सांगितलं, सुरुवातीला पावडर वातावरण समजून घेते. पंचवीसशे. प्राचार्यांना घेरी आल्यासारखं झालं. एका सरांनी रुमालाने मान पुसत म्हटलं, अहो, ते प्लायवूड तरी काढा, जीव गुदमरतोय. नंदलालने पकडीने खिळे उपटले. कूलरचं भगदाड मोकळं झालं, दारही उघडलं. चांगला वारा आला.

आणि आकडा पडला! बाविसशे, सतराशे, अकराशे! मी ओरडलोच: पाहा मॅडम, घेतेय! घेतेय! सांगितलं नव्हतं, मोठ्या प्रसंगाची पावडर आहे! दोन्ही सर मीटरकडे पाहत होते. मॅडम खिडकीकडे पाहत होत्या.

मग त्या उठल्या, ट्रे उचलला, पावडर बरणीत ओतली आणि झाकण लावलं. रिकामा ट्रे परत ठेवला.

नऊशे. सहाशे. चारशे तीस.

मॅडमनी विचारलं, गणवीर, एप्रिलमध्ये या खिडकीत काय होतं?

मी म्हणालो, कूलर. हेमराजचा.

त्यांनी विचारलं, आणि कूलर हवा कुठून ओढतो?

आमच्याकडे कूलर लावला की खोली बंद आहे असंच म्हणतात. दार लावा, कूलर सुरू आहे, असं आई ओरडायची. माझं सगळं बालपण त्यात गेलं. कूलर हवा बाहेरून ओढतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी फक्त त्याचा विचार केला नव्हता. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण चारशे तीस. माझं मीटर सगळा उन्हाळा मला बाहेरची हवा दाखवत होतं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, ब्लँक केला होता का?

पट्टी पुन्हा चिकटत नाही. कोपऱ्यातून ‘डॉ.’चं अर्धं डोकं दिसतंय.

१० ऑक्टोबर

कॉलेजला गेलो नाही. विचार केला. म्हणजे कूलर हेमराजचा होता. त्याला फिजिक्स येतं. त्याला हे पहिल्या दिवसापासून कळलं असणार. कळूनही तो रोज टाकी भरत राहिला आणि मला खड्ड्यात जाऊ दिलं. याहून मोठा दगा नाही.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. हेमराजच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली. दर वर्षी त्याचा फोन येतो, दंडारीचा खेळ पाहायला ये म्हणून, आम्ही रात्रभर एका घोंगडीवर बसतो. यंदा फोन नाही. मी फोनजवळ बसलो होतो असं नाही, पण फोन जवळ होता.

६ नोव्हेंबर

नागपूरचा रिपोर्ट. चांगल्या पावडरचं पृष्ठफळ ग्रॅममागे पाचशे-हजार चौरस मीटर असतं. माझ्या पावडरचं नऊ. मॅडमनी लिहिलंय: भोकं गाळाने भरलेली दिसतात, धुणं अपुरं झालं असावं. डिसेंबरला थीसिस देता येणार नाही, रजिस्ट्रेशन संपेल. वाईट वाटतं.

म्हणजे पावडर कोणी बदलली नव्हती. ती माझीच होती.

तरी हेमराजने सांगायला हवं होतं. हा मुद्दा राहतोच. रविवारी जाऊन तोंडावर विचारणार.

९ नोव्हेंबर, रविवार

फुलचूरला गेलो. रीनाला सांगितलं नव्हतं, पण ती आधीच साडी बदलून गाडीजवळ उभी होती.

हेमराज अंगणात पाटावर दाढी करत बसला होता. मी गेटातूनच विचारलं, तुला माहीत होतं ना? पहिल्या दिवसापासून? त्याने अर्ध्या गालाला साबण असतानाच मान डोलावली. म्हटलं, मग सांगितलं काऊन नाही? तो म्हणाला, सांगतलो न बे. रिकामा ट्रे ठेवून पाह्य म्हणलो. तू का म्हणलास ते आठव.

मला आठवलं: रिकाम्या ट्रेसाठी रिकामा वेळ नाही.

मग म्हणाला, अजून खोलून सांगतलो असतो, पर तू आयकून नाही राहिला होता. वाटलं, खुद करशील एखाद दिवस. तुह्यावर जबरदस्ती करून का फायदा होता?

गीताबाई बाहेर आल्या, काठी टेकत. एप्रिलमध्ये काठी नव्हती. मला पाहून पहिला प्रश्न: झाली का बाबू तुमची पावडर? म्हटलं, नाही झाली. चुकचुकल्या. मग हेमराजवरच रागावल्या, तुमच्याकडचा कूलर कायले आणला वापस म्हणून. म्हणाल्या, मी त याले तवाच म्हटली, राहू दे तिकडं, त्याची डाक्टरी अटकली हाय. माहं का, वल्ला पदर घेतला का झोप लागते. बस एकच दिवस जमलं नाही आणि दवाखान्यात न्यावं लागलं.

हेमराज म्हणाला, आई, चहा ठेव. म्हणाल्या, ठेवतो न, बोलू त दे.

बारा मेच्या पानावर मी लिहिलंय, मी शांत राहिलो. आताच वाचलं. त्याच्याखाली लिहिलंय, अडचणीच्या वेळी माणूस ओळखू येतो. ते खरं निघालं. मला इतकी लाज याआधी कधी वाटली नाही.

मी गीताबाईंना म्हणालो, माझं चुकलं, तुम्ही माझ्यावर रागावायला पाहिजे. त्या चहात साखर टाकत होत्या. म्हणाल्या, धरून ठेवून का करू बाबू?

रीनाने कप उचलून माझ्या हातात दिला. लॅबबाहेर असल्यामुळे घेतला.

१६ नोव्हेंबर

कूलर गीताबाईंना विचारून आणला. हिवाळा आहे, तरी विचारून. ई-रिक्षा मी केली. एका बाजूने मी धरला, दुसऱ्या बाजूने हेमराजने. नंदलालने खिडकी मोकळी करून ठेवली होती. टाकी मी भरली, अर्धं पाणी फरशीवर.

आरजी-८ची कल्पना सकाळपासून डोक्यात घोळते आहे. हेमराजला सांगायला लागलो. तो म्हणाला, पहिले हे कर.

खोली बंद. मेणबत्त्या. दोन हजार. मेणबत्त्या फुंकल्या, ट्रे मांडला, वर मलमल टाकली. ट्रे रिकामा. कूलर सुरू केला. आम्ही दोघं स्वेटर घालून कुडकुडत एका बाकावर बसलो आणि मीटरकडे पाहत राहिलो.

अठराशे. चौदाशे. नऊशे. सहाशे. चारशे तीस.

माझ्या सगळ्या प्रयोगांत हा एकच अगदी अपेक्षेप्रमाणे झाला. अपेक्षा हेमराजची होती.